बोकडाची पावती

तुळशीचं लग्न लागायचं होतं,
म्हणून माणसांची खोळंबलेली
आणि माझा कॅमेरा कपाटात.
तेवढ्यात तहसीलमधून फोन आला:
रोजचे नऊशे, चहा सरकारी,
राहूड घाट उतरला की डाव्या हाताला तंबू,
आचारसंहिता आहे तोवर
थांबवलेली प्रत्येक गाडी शूट करायची.

थांबवलेली.
हा शब्द तेव्हा मी नीट ऐकला नाही.

दुसऱ्या रात्रीपर्यंत मला आधीच कळायला लागलं
बॅटरीचा उजेड कुणासाठी वर जाणार.
नंबर एक्केचाळीसचा, म्हणजे मालेगावचा: हात वर.
काचेत दाढी दिसली: हात वर.
पंधराची पांढरी गाडी, डॅशबोर्डवर गणपती,
"जाऊ द्या, द्राक्षवाले आहेत ओझरचे,"
आणि मी लेन्सवर झाकण ठेवायचो.
न थांबलेल्या गाडीचं
शूटिंग करायचा हुकूम नव्हता.

पाचव्या रात्री पिकअप.
मागे ताडपत्री, लेंड्यांचा वास,
पुढे कप्तान काळे आणि त्याची बायको सुरंगा.
हवालदाराने नाव विचारलं, मग गाव, मग जात.
पारधी म्हटल्यावर
पुन्हा पहिल्यापासून नाव.

सीटवरची गोधडी चाचपली, कडक लागली.
उसवायला ब्लेड मीच दिलं,
टेप कापायचं, माझ्या बॅगेतलं.

एक लाख ब्याऐंशी हजार चारशे.
साहेबांनी बोट ओलं करून तीनदा मोजले,
तीनदा वेगळे आले.
सुरंगा म्हणाली, "वरचे चारशे ऱ्हायले, सायेब.
म्या मोजल्यात."

"एवढे आले कुठून?"
"एकवीस बोकडं इकली, मालेगावच्या बाजारात."
"पावती?"
कप्तान माझ्याकडे बघून हसला,
कॅमेऱ्यासमोर हसायचं असतं
असं वाटलं असेल त्याला.
"बोकडाची कसली पावती? कापलं की झालं."

कापलं हा शब्द पंचनाम्यात आला.
बोकड आला नाही.

सकाळी द्वारकेला जाऊन भरायचे होते पैसे,
हीच पिकअप, भाड्याची, आपली करायला.
हे तिने दोनदा सांगितलं.
दुसऱ्यांदा साहेबांना नाही, मला.

पावती एक मिळाली त्यांना. जप्तीची.
त्यावर तारीख, वेळ, सही, शिक्का,
आणि समितीकडे अर्ज करायचा तर
पैसे कुठले ते कागदोपत्री दाखवा.

गाडीत बसताना सुरंगा लेन्सच्या अगदी जवळ आली,
इतकी, की फोकस सुटला.
"ह्यात दिसल ना, पैकं गोधडीतनं काढलेलं?"
म्हटलं, दिसेल.
"आन आमचेच हायेत, ते?"

लग्नाच्या फिल्ममधून मी
कोपऱ्यातला उष्ट्या पत्रावळींचा ढीग कापतो,
रुसलेला मामा कापतो.
यातलं काही कापलं नाही.
तिच्या खांद्यामागून गेलेल्या
सात पांढऱ्या गाड्या तशाच आहेत त्यात,
ब्रेकचे दिवेसुद्धा न लागलेल्या.
कार्ड जमा केलं. नंतर कुणी पाहिलं का,
विचारायचं धाडस झालं नाही, किंवा
आठवणच ठेवली नाही. दोन्ही खरं.

मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट मिळालं.
त्यात दोन लग्नांचे इसार मिळवून
एकसष्ट हजार, रोख,
कॅमेऱ्याच्या बॅगेत.
पन्नासच्या वर अकरा.
पावती एकाचीही नाही.

बाईकवर नाक्यापाशी आलो.
पाळी बदललेली, मला कुणी ओळखत नव्हतं.
मीच गाडी हळू केली.
बॅटरी वर आली,
चेहऱ्यावर थांबली, कपाळावर गेली,
तिथे घरून निघताना आईने लावलेलं
कुंकू होतं थोडं,
आणि विझली.

मी अजून हळू केली.